होडीतून पुरावशेषशोध

होडीतून पुरावशेषशोध : नद्या, सरोवरे व खाड्या यांच्या उथळ तळावर किंवा काठच्या गाळात पडलेल्या जुन्या वस्तू लहान होडीतून हिंडून हुडकण्याची पद्धत. पाणबुड्यांनी खोल पाण्यात केलेले पुरातत्त्वीय उत्खनन याहून वेगळे. बुडालेल्या जहाजांतील माल वर काढण्याच्या धंद्याशीही त्याची गल्लत करू नये. या शोधात पाणी बहुधा पुरुषभर किंवा त्याहून कमी खोल असते आणि वस्तू होडीतूनच नजरेस पडते. सपाट तळाची, थोड्या पाण्यातही न टेकणारी होडी त्यासाठी सोयीची ठरते. रस्ता नसलेली बेटे, वाळूचे दांडे व कोसळते काठ तिच्यातून गाठता येतात आणि प्रवाहाबरोबर संथ वाहत तळ न्याहाळता येतो.

या पद्धतीचा आरंभ सामान्यतः १८५४ मध्ये स्वित्झर्लंडात झाला असे मानतात. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी असाधारण ओसरले आणि ओबरमायलेन येथे लाकडी खुंटांच्या रांगा उघड्या पडल्या. झुरिकच्या पुरातत्त्व मंडळाचे अध्यक्ष फेर्डिनांट केलर यांनी त्याच वर्षी त्यांचे विवेचन प्रसिद्ध केले आणि सरोवरांत खुंटांवर उभारलेल्या प्रागैतिहासिक वस्त्यांची कल्पना मांडली. खुंट मात्र तोवर अज्ञात नव्हते. जाळी अडकून फाटत असल्याने कोळ्यांना त्यांच्या जागा ठाऊक होत्या. लंडनमध्ये तर १८३०च्या दशकातच, नव्या लंडन पुलाच्या बांधकामाच्या सुमारास, टेम्स नदीतून उपसलेला गाळ तपासून व मजुरांकडून वस्तू विकत घेऊन चार्ल्स रोच स्मिथ यांनी मोठा संग्रह जमवला होता. रोमन सम्राट हेड्रियन याच्या पुतळ्याचे कांस्य शीर्ष त्याच नदीत १८३४ मध्ये मिळाले. तेव्हा नदीतील वस्तू जमवण्याची प्रथा १८५४ पूर्वीची, परंतु मुद्दाम होडी घेऊन, तळ निरखत, वस्तूंसाठीच फिरणे हे स्विस सरोवरांवर सुरू झाले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. टेम्सच्या काठी ओहोटीच्या वेळी चिखल तुडवत वस्तू वेचणाऱ्या गरिबांचा धंदा याला जवळचा असला, तरी तो पायी चाले आणि त्यात पुराणवस्तूंपेक्षा कोळसा, दोर, खिळे यांनाच महत्त्व होते.

स्विस सरोवरांवरची साधने साधी होती. लांब दांड्याचा, दोरीने मिटणारा लोखंडी चिमटा वस्तू नेमकी उचलण्यासाठी व दात्यांची खरवडणी गाळ ओढण्यासाठी वापरत. पाण्याच्या पृष्ठभागावरील तरंगांमुळे तळ दिसत नाही, म्हणून तळाला काच बसवलेली पेटी पाण्यात थोडी बुडवून तीतून पाहत. काही किनाऱ्यांवर पाण्यावर तेलाचे थेंब टाकून तरंग बसवण्याची जुनी युक्तीही माहीत होती. हिवाळ्यात शेवाळ कमी व पाणी निवळ असते, म्हणून थंडीतील वारा पडलेली सकाळ उत्तम मानली जाई. १८५४ मध्येच आडोल्फ मोर्लो यांनी जिनीव्हा सरोवरात मॉर्ज येथे डोक्यावर बादलीसारखे शिरस्त्राण चढवून तळावर उतरण्याचा प्रयोग केला. होडीत बसलेले सोबती वरून हवेचा पंप चालवत होते. हा प्रयोग पुढे फारसा चालला नाही आणि चिमटाच टिकला.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध, आणि सर्वांत वादग्रस्तही, फलित म्हणजे ला तेन. हे स्थळ न्यूशातेल सरोवराच्या ईशान्य टोकाला, तील नदीच्या जुन्या मुखाशी आहे. बील येथील संग्राहक कर्नल फ्रीड्रिख श्वाब (१८०३–६९) यांनी वस्तू शोधण्यासाठी कोळी नेमले होते. त्यांपैकी हान्सली कोप याने १८५७ मध्ये उथळ पाण्यातील खुंटांमधून थोड्याच वेळात सु. ४० लोखंडी वस्तू चिमट्याने वर काढल्या. त्यांत बहुसंख्य शस्त्रे होती. स्वीडिश पुरातत्त्वज्ञ हान्स हिल्डेब्रांड यांनी १८७२–७४च्या सुमारास युरोपीय लोहयुगाचे दोन टप्पे पाडले, तेव्हा नंतरच्या टप्प्याला याच जागेचे नाव मिळाले. म्हणजे युरोपच्या प्रागितिहासाचा एक पूर्ण कालखंड एका कोळ्याच्या चिमट्यातून वर आलेल्या वस्तूंवरून ओळखला जातो. कोपविषयी त्यापलीकडे ग्रंथांत फारसे लिहिलेले आढळत नाही.

ला तेन हे नेमके काय होते, यावर दीडशे वर्षे मतभेद आहेत. प्रथम ती खुंटांवरची वस्ती समजली गेली. १८६८ नंतर जुरा पर्वताच्या पायथ्याच्या नद्यांचे पाणी वळवण्याचे मोठे काम झाले व सरोवराची पातळी अडीच मीटरांहून अधिक खाली गेली. जे होडीतून चिमट्याने उचलत होते ते आता कोरड्या पात्रात फावड्याने खणता येऊ लागले. १८८०पासून एमिल व्हुगा यांनी व १९०७–१७ या काळात विल्यम वाव्र व पॉल व्हुगा यांनी तेथे उत्खनन केले. दोन पुलांचे खुंट, तलवारी, भाल्यांची पाती, ढाली, कपड्याच्या पिना, लाकडी चाके, शिवाय मनुष्यांचे व घोड्यांचे सांगाडे मिळाले. मिळालेल्या वस्तूंची संख्या सु. अडीच हजार सांगतात. काही तलवारी म्यानातच होत्या व वापरल्याच्या खुणांवाचूनच्या. त्यावरून पॉल व्हुगा यांनी तेथे शस्त्रागार किंवा जकातनाक्यासारखी लष्करी ठाणी असावीत, असे मत दिले. पुढे क्लाउस राडात्स यांनी १९५२ मध्ये हे देवतेला अर्पण केलेल्या वस्तूंचे स्थान असावे, असे मांडले आणि उत्तर युरोपातील दलदलीत सापडलेल्या शस्त्रसाठ्यांशी त्याची तुलना केली. जवळच कोर्नो येथे १९६५ मध्ये कोसळलेला पूल व त्याखाली चिरडलेली माणसे सापडल्यावर हान्नी श्वाब यांनी पुराची उपपत्ती पुढे आणली : पूल महापुरात पडला व त्यावरील माणसे आणि सामान गाळात गाडले गेले.

तिन्ही मतांना थोडाथोडा आधार आहे. पुराच्या उपपत्तीने सांगाड्यांचा उलगडा होतो, पण शस्त्रांचे इतके जास्त व घरगुती भांड्यांचे इतके कमी प्रमाण का, हे तिच्याने सांगता येत नाही. त्यामुळे अर्पणाचे मत आज अधिक स्वीकारलेले दिसते. वस्तूंचा मोठा भाग साधारणपणे इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतला धरतात. हा वाद मिटत नाही याचे एक कारण शोधाच्या पद्धतीतच आहे. होडीतून उचललेल्या पहिल्या शेकडो वस्तूंपैकी कोणती कोणत्या खुंटाशेजारी, किती खोल, कशाच्या वर पडली होती, याची टिपणे झाली नाहीत. वस्तू संग्रहालयांत आहेत, त्यांची जागा मात्र कायमची गेली.

नद्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. सरोवरात वस्तू बहुधा पडली तेथे राहते. नदीत ती सरकते. जड वस्तू पात्रातील खडीत अडकून राहतात व हलके द्रव्य वाहून जाते, त्यामुळे वेगवेगळ्या शतकांच्या वस्तू एकाच थरात येतात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ खचतो व जुनी वस्ती किंवा दफने पात्रात उतरतात. आतल्या अंगाला वाळू साचते व वस्तू झाकल्या जातात. नदी पायी ओलांडण्याच्या उताराच्या जागा, जुन्या पुलांचे पाये, संगम व धक्के येथे वस्तू दाट मिळतात. अनुभवी शोधक आधी तेथेच वल्हे थांबवतात.

युरोपातील नद्यांत कांस्ययुगीन तलवारी व भाले इतके का सापडतात, हा प्रश्नही असाच लांबला आहे. नदी ओलांडताना हरवले, लढाईत पडले, काठ खचून आले, मृताबरोबर सोडले, देवतेला वाहिले, अशी उत्तरे दिली गेली. वाल्टर टोरब्र्यूगे यांनी १९७०–७१ मध्ये नदीतील वस्तूंचा व्यापक आढावा घेऊन योगायोगाच्या उत्तरांना मर्यादा घातल्या : नदीत शस्त्रे जास्त, जमिनीतील साठ्यांत कामाची अवजारे व मोडलेले धातू जास्त, ही विभागणी निव्वळ हरवण्याने होत नाही. तरी टेम्ससारख्या नदीचे नकाशे पाहताना सावध राहावे लागते. वस्तूंची दाटी जेथे दिसते तेथेच १९व्या शतकात गाळ अधिक उपसला गेला आणि ब्रेंटफर्डचे टॉमस लेटन यांच्यासारखे पैसे मोजणारे संग्राहक राहत होते. बॅटरसी ढाल ही लोहयुगीन कांस्य ढाल १८५७ मध्ये चेल्सी पुलाच्या कामात गाळ उपसताना मिळाली. ती अर्पण असल्याबद्दल आता फारसा वाद नाही. प्रत्येक तलवारीला मात्र तोच निकष लावणे धोक्याचे आहे.

पाण्यातून आलेल्या कांस्याची ओळख त्याच्या रंगावरून पटते. प्राणवायू न पोचणाऱ्या गाळात त्यावर जमिनीतल्यासारखा हिरवा थर बसत नाही. ते तपकिरी किंवा सोनेरी राहते. सरोवरातील वस्तूंवर चुन्याचे कवचही आढळते. संग्राहकाने सांगितलेली जागा खरी आहे का, हे पारखण्यास याचा उपयोग होतो, आणि पारखण्याची गरज पहिल्यापासूनच होती. न्यूशातेलच्या काठी कॉन्सीझ येथे १८५९ मध्ये लोहमार्गाच्या कामात वस्तू मिळू लागल्या आणि मागणी वाढताच मजुरांनी नकली वस्तूही विकल्या. लंडनमध्ये विल्यम स्मिथ व चार्ल्स ईटन या टेम्सकाठच्या दोन वेचकांनी १८५७ ते १८७० या काळात शिशाची व अन्य स्वस्त धातूंची हजारो ‘मध्ययुगीन’ पदके ओतून विकली. दोघांनाही लिहिता येत नसल्याने त्यांवरील अक्षरे निरर्थक होती. अकराव्या शतकाच्या तारखाही अरबी अंकांत होत्या, जे अंक तेव्हा इंग्लंडात वापरात नव्हते. १८५८ मध्ये या पदकांवरून न्यायालयात गेलेल्या खटल्यात, टेम्सचे सर्वांत जाणते संग्राहक रोच स्मिथ यांनीच ती अस्सल असल्याची साक्ष दिली. इतके ओबडधोबड काम कोणी लबाड करणार नाही, असा त्यांचा तर्क होता.

आज तळाचा नकाशा ध्वनिलहरींच्या यंत्राने होडीतूनच काढतात व सापडलेल्या वस्तूची जागा उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवतात. दोरीला बांधलेले शक्तिशाली चुंबक टाकण्याचा छंदही वाढला आहे. त्याला फक्त लोखंड चिकटते, कांस्य, सोने, शिंग, लाकूड चिकटत नाही, आणि युद्धकाळातील न फुटलेले गोळे मात्र वर येऊ शकतात. ओले लाकूड वर काढणे सर्वांत अवघड. त्याच्या पेशींत पाणीच भरलेले असते आणि ते सुकताच लाकूड आकसून तडकते. म्हणून ते पाण्यातच ठेवून पुढे मेणासारख्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलने भरतात. १९६१ मध्ये वर काढलेल्या ‘वासा’ या स्वीडिश जहाजावर याचा फवारा सु. १७ वर्षे चालला होता.

कायद्यांत देशादेशांत फरक आहे. स्वित्झर्लंडात १९१२ पासून लागू असलेल्या दिवाणी संहितेप्रमाणे शास्त्रीय मूल्याच्या प्राचीन वस्तू ज्या कँटनच्या (स्विस संघराज्यातील घटक राज्याच्या) हद्दीत मिळतील त्याच्या मालकीच्या ठरतात. इंग्लंडात टेम्सच्या ओहोटीच्या पट्ट्यात शोध घेण्यास लंडन बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, तीनशे वर्षांहून जुनी वस्तू नोंदवावी लागते आणि १९९६च्या कायद्यात बसणाऱ्या मौल्यवान वस्तूंची वेगळी चौकशी होते. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानित्सा नदीतून प्रागैतिहासिक काळापासूनच्या हजारो वस्तू निघाल्यावर २००३ मध्ये तिच्या पात्राला सांस्कृतिक स्मारकाचे संरक्षण मिळाले. युनेस्कोचा पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयीचा २००१चा करार २००९ मध्ये अमलात आला. त्यात किमान शंभर वर्षे पाण्याखाली असलेले अवशेष येतात आणि वस्तू जागच्या जागी राखणे हा पहिला पर्याय मानला आहे. करार स्वीकारणाऱ्या राष्ट्राला त्याचे नियम आपल्या अंतर्गत जलाशयांनाही लागू करता येतात.