पाकळ्यांची वाटी की पट्ट्यांचा चिमटा: बॉल माउंट बनवण्याआधी

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एक गोळा, त्याला धरणारी वाटी आणि हाताने आवळायचा नट किंवा नॉब. दुकानात दोघांनाही बॉल माउंटच म्हणतात. मग ट्रॅक्टरवर टॅब्लेट लावायला कारमधल्या मोबाइल होल्डरचा सांधा आणला जातो आणि नांगरटीला तास-दोन तास होत नाहीत तोच टॅब्लेट मान टाकतो. कधी याच्या उलट होतं. मागावरच्या दिव्याला जाडजूड चिमटा बसवतात, आणि कारागीर दिवा जरा सरकवायला गेला की प्रत्येक वेळी नॉब सोडा, धरा, पुन्हा आवळा, असं चालतं.

(एक तिसरा भाऊबंदही आहे. ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात नुसतं ‘बॉल जॉइंट’ म्हणालात तर टाय-रॉड एंड हातात पडेल. तो स्टिअरिंगसाठी, मोकळा फिरावा म्हणूनच बनवलेला असतो. वस्तू एका जागी धरून ठेवणं त्याच्याकडून होणार नाही, तो परत करा.)

पहिल्या प्रकारात वाटीला उभ्या खाचा मारून पाच-सहा पाकळ्या केलेल्या असतात. गोळा दाबला की पाकळ्या फाकतात आणि गोळा कट्ट करून आत बसतो. बाहेरून आतल्या अंगाला उतार असलेला रिंग-नट चढतो आणि पाकळ्या गोळ्यावर आवळतो. कारमधले बहुतेक मोबाइल होल्डर याच जातीचे, आणि त्यांचा गोळा बहुधा १७ मिमीचा असतो. दुसऱ्या प्रकारात समोरासमोर दोन पट्ट्या असतात, दोन्ही टोकांना एकेक गोळा, आणि मधून एकच बोल्ट. गोळा सहसा रबर चढवलेला, १ इंची म्हणजे २५.४ मिमीचा, जड कामाला दीड इंची.

दोन्हीत वस्तू धरून ठेवतं ते घर्षणच. फरक आहे तो हाताने लावलेला जोर गोळ्यापर्यंत किती पोचतो यात, आणि नट सैल झाल्यावर काय होतं यात. निवड या दोन गोष्टींवर करावी.

आधी लागणारा टॉर्क, म्हणजे वस्तूच्या वजनाचा गोळ्यावर येणारा पीळ काढू. वजन किलोत, गुणिले ९.८१, गुणिले गोळ्यापासूनचं अंतर मीटरमध्ये. होल्डरसकट मोबाइल ३०० ग्रॅम, ७ सेंमीवर: ०.२ न्यूटन-मीटर. टॅब्लेट ५०० ग्रॅम, १५ सेंमीवर: ०.७४. हे वस्तू स्थिर असताना. ट्रॅक्टरच्या हादऱ्यासाठी चारपट धरलं तर मोबाइलला ०.८ आणि टॅब्लेटला ३ न्यूटन-मीटर.

आता मिळणारा टॉर्क. हाताने नॉब आवळताना साधारण १.५ न्यूटन-मीटर लागतात असं धरू. बोल्टमधला ताण म्हणजे हा टॉर्क भागिले बोल्टच्या व्यासाचा पाचवा हिस्सा. चिमट्याच्या एम-६ (६ मिमी व्यासाच्या) बोल्टला त्यातून १२५० न्यूटन मिळतात. पाकळ्यांच्या रिंग-नटाचे आटे २४ मिमीचे असतील, तर तेवढ्याच मेहनतीत मिळतात जेमतेम ३००. आटा जितका मोठा, तितका हाताचा जोर घासण्यातच जातो. नटाच्या उतारामुळे हे ३०० वाढून पाकळ्यांवर एकूण ५०० च्या आसपास पोचतात. प्लॅस्टिकचा घर्षणांक ०.३ आणि गोळ्याची त्रिज्या ८.५ मिमी धरली तर हाती येतात सव्वा न्यूटन-मीटर. पाकळ्या वाकवण्यात थोडा जोर जातो, म्हणून एकच धरा. मोबाइलला पुरतो, टॅब्लेटला नाही. नट अजून पिळून काही होत नाही, आटे मात्र जातात.

चिमट्यात १२५० न्यूटन दोन गोळ्यांत वाटले जातात, प्रत्येकाला ६२५. प्रत्येक गोळ्याला दोन बाजूंनी पकड, रबराचा घर्षणांक ०.४, त्रिज्या १२.७ मिमी. कागदावर ६.३ न्यूटन-मीटर येतात. प्रत्यक्षात दोन तृतीयांश, म्हणजे ४ च्या जवळपास धरावेत. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. बुडाच्या, म्हणजे पृष्ठभागाला जोडलेल्या गोळ्यावर वरच्यापेक्षा जास्त भार येतो, कारण त्याच्यापासून वस्तूचं अंतर पट्टीच्या लांबीने वाढतं. गोळ्यांची केंद्रं ८ सेंमीवर असतील, तर आपल्या टॅब्लेटचं बुडापासूनचं अंतर २३ सेंमी होतं आणि हादऱ्यासकट साडेचार न्यूटन-मीटर लागतात. मिळतात ४. उपाय फुकटचा आहे: बोल्ट मधोमध न घेता बुडाच्या गोळ्यापासून ३ सेंमीवर घ्या. मग बुडाला ताणाचे पाच अष्टमांश मिळतात आणि वरच्याला तीन अष्टमांश. तोच दोन तृतीयांशाचा हिशोब लावला तर बुडाला ५.३ आणि वरच्याला ३.२ न्यूटन-मीटर येतात, म्हणजे दोन्हीकडे भागतं. बाजारातल्या बहुतेक चिमट्यांत बोल्ट मध्यावरच असतो, कारण तसा तो दोन्हीकडून उलटसुलट लावता येतो.

सैल झाल्यावरचं बघू. पाकळ्यांची वाटी गोळ्याच्या मध्यरेषेच्या पुढेपर्यंत आलेली असते. नट पूर्ण सुटला तरी वस्तू झुकेल, पण गळून पडणार नाही. चिमट्याचा नॉब काही फेरे सुटला की गोळा सरळ बाहेर येतो. पैठणला मागावर ताण्याच्या वर दिवा लटकवायचा असेल तर एवढ्यावरच निर्णय होतो. तिथे पाकळ्याच हव्यात, आणि नट अर्धवट आवळलेला ठेवला की दिवा एका हाताने हवा तसा वळवता येतो. चिमट्याला आवळलेल्या स्थितीत जोराने वळवलं तर रबर सोलून निघतं. मोसंबीच्या बागेत खांबावर कॅमेरा एकदा लावला की वर्षभर हलवायचा नसतो, तिथे चिमटा चांगला. फक्त त्याला एक सुरक्षा-तार बांधा.

चिमट्याचा एक तोटा: नॉब सोडला की दोन्ही गोळे एकदम सुटतात, म्हणून जुळवताना दुसरा हात वस्तूवर हवाच. पाकळ्यांचा तोटा वेगळा. नट फिरवताना गोळाही थोडा बरोबर फिरतो आणि नेमलेली दिशा हलते. अशा वेळी दिशा अंदाजाने थोडी उलटीकडे ठेवून आवळावी लागते.

पाकळ्यांची वाटी थ्री-डी प्रिंटरवर छापायची असेल तर सगळी मेख वाटी मध्यरेषेच्या किती पुढे न्यायची यात आहे. १७ मिमीचा गोळा आणि वाटी १५ अंश पुढे असेल, तर तोंड १६.४ मिमीचं होतं आणि प्रत्येक पाकळी ०.३ मिमी फाकते. पाकळी २ मिमी जाड आणि ११ मिमी लांब असेल तर मुळाशी ताण (प्लॅस्टिक किती टक्के ताणलं जातं तो) सुमारे ०.७ टक्के, म्हणजे चालण्याजोगा. ‘घट्ट बसू दे’ म्हणून २५ अंश केलं तर पाकळीला ०.८ मिमी फाकावं लागतं आणि ताण २ टक्क्यांवर जातो. पीएलएची (छपाईच्या नेहमीच्या प्लॅस्टिकची) पाकळी तिथे मुळाशी तडकते. वाटी उभी छापलेली असेल तर तडा थरांच्या रेषेतूनच जातो. घट्टपणा नटाने आणायचा, वाटीच्या तोंडाने नाही. तोंड जास्त पुढे नेलं की कोनही कमी होतो: ८ मिमी मानेचा गोळा १५ अंशांच्या वाटीत प्रत्येक बाजूला ४७ अंश झुकतो, २५ अंशांच्या वाटीत ३७. एखाद्या बाजूला ९० अंश हवे असतील तर वाटीच्या आणि नटाच्या काठात मानेच्या रुंदीची खाच मारा.

या प्रकाराची सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे नट पूर्ण बसला, तरी गोळा घसरतोय. गोळा किंवा रबर बदलण्याआधी नटाच्या खाली बघा. बहुतेकदा नट पाकळ्या पुरत्या आवळण्याआधीच खालच्या खांद्याला टेकलेला असतो. पूर्ण आवळल्यावरही तिथे १ ते १.५ मिमी फट दिसली पाहिजे. खांदा तेवढा घासला की काम होतं. दुसरं, आटे पाकळ्यांवरच कापलेले असतील तर पाकळ्या आत वळताना आटे नटापासून लांब जातात आणि नट उड्या मारतो. आटे खाचांच्या खाली, अखंड भागावर ठेवा. पाकळ्यांना फक्त उतार लागू द्या.

चिमटा गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात होतो. गोळे मात्र रबर चढवलेले तयारच घ्या. जुन्या बेअरिंगचा गोळा वापरायचा मोह होतो, पण तो कठीण केलेला असतो, साधा ड्रिल बिट त्यावर नुसता तापतो.

पट्टी ३२ बाय ६ मिमी माइल्ड स्टीलची (एमएस). ३ मिमीची पट्टी घेऊ नका. ८ सेंमीच्या अंतरात १२५० न्यूटनला तिच्यातला ताण माइल्ड स्टीलच्या मर्यादेच्या दुपटीहून वर जातो आणि ती धनुष्यासारखी वाकते. ६ मिमीला तोच ताण मर्यादेच्या दोन तृतीयांशात राहतो. दोन्ही पट्ट्या एकत्र टाचून भोकं एकदमच पाडा, म्हणजे समोरासमोर येतील. गोळ्यासाठी १६ मिमीचं भोक. मग पट्ट्या सुट्या करून आतल्या बाजूने ९० अंशी काउंटरसिंकने तोंड २० मिमीपर्यंत उघडा. आता १ इंची गोळा त्या उताराच्या मधोमध, १८ मिमीच्या कड्यावर टेकतो. कड्याचीच पकड हवी, कारण वाटी गोळ्याच्या टोकाशीच टेकली तर पकड एका ठिपक्यावर येते आणि गोळा त्याच ठिपक्याभोवती गरकन फिरतो. छापील चिमट्यातही वाटीच्या तळाला १६ मिमीचं भोक याचसाठी ठेवायचं. कडेला बर (भोक पाडताना उरलेली धारदार कड) राहिला तर रबर कापतो, पॉलिश पेपरने उतरवून घ्या.

अशा जुळणीत आवळल्यावर दोन पट्ट्यांत १६ मिमी फट राहते. रबर झिजून ती कमी होत जाते. छापील, खोल वाट्यांच्या चिमट्यात सुरुवातीपासूनच २-३ मिमी फट ठेवा, कारण पट्ट्या एकमेकींना टेकल्या की पकड संपली. बोल्ट एम-६ बाय ५०, डोक्याला एका पट्टीवर वेल्डिंगचा छोटा टाका, दोन पट्ट्यांत बोल्टवर एक मऊ स्प्रिंग, दुसरीकडे वॉशर आणि नॉब.

मग मराठवाड्यातला उन्हाळा. मे महिन्यात सावलीत ४२-४४ अंश, आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याखाली ६० च्या वर. पीएलए ५५-६० अंशांना मऊ पडतो, म्हणजे पाकळ्या तिथेच ढिल्या होतात, नट कितीही आवळा. छपाईचंच दुसरं प्लॅस्टिक, पीईटीजी, ७५-८० पर्यंत तगतो. उन्हातल्या कामाला एएसए प्लॅस्टिक घ्या. तो सुमारे १०० अंशांपर्यंत टिकतो आणि उन्हाने ठिसूळही होत नाही. रबराचंही बघावं लागतं. डिझेल-तेलाजवळ नायट्राइल, उघड्यावर ईपीडीएम. ईपीडीएम डिझेलने फुगतं आणि नायट्राइल उन्हात भेगाळतं. काळ्या रानाची धूळ गोळ्यावर बसली की पकड कमी होते. पुसायला कोरडं फडकं पुरे, तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका.

बुडाची पट्टी पृष्ठभागावर बसवण्यात दोन्ही प्रकारांत फरक नाही. ३८ बाय ३० मिमीवर चार भोकं ठेवलीत तर बाजारातली बरीच बुडं जुळतात. मडगार्डच्या पत्र्याला मागून मोठा वॉशर किंवा पत्र्याचा तुकडा द्या, नाहीतर गोळा टिकेल आणि पत्राच फाटेल. फोम टेपने चिकटवत असाल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि भार देण्याआधी ७२ तास थांबा.

तपासणीला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली पुरते. गोळ्यातून आडवी २० सेंमीची पट्टी काढून टोकाला बाटली टांगली की सुमारे २ न्यूटन-मीटर होतात. मोबाइलच्या माउंटला १० सेंमीवर, टॅब्लेटच्या बुडाला ४५ सेंमीवर टांगा. टोकाची उंची भिंतीवर पेन्सिलीने मारा, एक रात्र आणि एक दुपार उन्हात ठेवा, मग पुन्हा बघा. पहिल्या तासात १-२ मिमी उतरून थांबला तर चालेल. दुपारनंतरही उतरतच असेल तर दोष प्लॅस्टिकचा आहे, नटाचा नाही.

रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही दाबाखाली थोडी बसतात, म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा पुन्हा आवळावं लागतंच. कायमच्या जागी नॉब काढून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा) घाला. थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) फक्त धातूच्या चिमट्याला. एबीएस किंवा पॉलीकार्बोनेटला तो लागला तर भाग आठवड्याभरात तडकू शकतो.