बोट कुणाच्या हातची?

शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी राहणाऱ्या एका भोई आजोबांपुढे मी मोबाईल धरला. वय ऐंशीच्या पुढचं. नदीवर पूल नव्हते तेव्हा माणसं, बकऱ्या, अख्खी वऱ्हाडं त्यांनी नावेतून पैलतीरी नेली आहेत. समुद्र मात्र एकदाच पाहिलेला, तोही सुरतेजवळ डुमसला. फोटो ‘सुहैली’ नावाच्या शिडाच्या बोटीचा होता. बराच वेळ बघून ते म्हणाले, "हाई मांगूनबी टोकदार शे. मांगून लाट उनी ते फाटी जाई." आणि लगेच, "कोना हातनी?"

बैलगाडी घेताना आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असायचा. लाकूड कोणतं, धाव कशी बसवली, हे नंतर. आधी सुतार कोण ते सांगा. जगभर शिडाच्या बोटी हाकणारी मंडळीही असंच विचारतात. बांधणाऱ्या कंपनीपेक्षा बोटीचा नकाशा कुणी काढला यावर त्यांचे वाद रंगतात, आणि प्रत्येकाचा एक लाडका डिझायनर असतो. हा लाड कुठून आला हे पाहायचं तर सुरुवात आजोबांच्या त्या टोकदार मागच्या बाजूपासूनच करावी लागते.

ती बाजू नॉर्वेची. कॉलिन आर्चर हा लार्विक गावचा, जन्म १८३२, आईबाप स्कॉटलंडहून आलेले. तरुणपणी काही वर्षं तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला भावांबरोबर मेंढ्यांच्या व्यवसायात होता. गावी परतल्यावर त्याने तिथल्या कोळ्यांच्या आणि जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांच्या, दोन्हीकडून टोकदार बोटी घेतल्या आणि त्या गणिताने सुधारत नेल्या. नॉर्वेत १८९१ मध्ये समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी संस्था उभी राहिली. तिच्यासाठी त्याने काढलेली बोट १८९३ मध्ये पाण्यात उतरली. तिचं काम उलटं होतं. वादळ आलं की बाकी सगळे घराकडे पळायचे आणि ही बाहेर निघायची. त्यामुळे वेगाची फिकीर तिला नव्हती. टिकून राहणं आणि दमलेल्या माणसांना घेऊन परत येणं एवढंच तिला जमायला हवं होतं. जड, खोल, गच्च बांध्याची ही बोट आजही ‘कॉलिन आर्चर’ म्हणूनच ओळखली जाते.

नॉर्वेचा धाडसी प्रवासी नान्सेन याचं उत्तर ध्रुवाकडे गेलेलं ‘फ्राम’ जहाजही याच माणसाचं, १८९२ मधलं. त्याचं पोट मुद्दाम गोल ठेवलं होतं. ओला चिंचोका चिमटीत दाबला की वर सटकतो ना, तसं बर्फाने आवळलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं ही कल्पना. ती खरी ठरली. पुढे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेला अमुंडसेनही तेच जहाज घेऊन गेला.

अमेरिकेत विल्यम अॅटकिनने आर्चरची सुमारे ४७ फुटी बोट ३२ फुटांत बसवली आणि तिला ‘एरिक’ म्हटलं. १९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या व्यापारी जहाजावरच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच आराखड्यावरून मुंबईत कुलाब्याला एक बोट बांधून घेतली, सगळी सागवानाची. तीच सुहैली. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालून २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, तिथेच परतला. असं करणारा तो पहिला. ही फेरी ‘गोल्डन ग्लोब’ नावाच्या शर्यतीतली. तिच्यात नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारा हा एकटा. सरासरी वेग ताशी जेमतेम चार सागरी मैल. सायकलवरचा दूधवालाही तिला मागे टाकेल. पण तिच्याहून वेगवान बोटी वाटेत मोडल्या किंवा सोडून द्याव्या लागल्या, आणि ही गंजाचे डाग अंगावर घेऊन घरी आली.

सागवानाची गोष्ट आम्हा खानदेशकरांना अगदीच परकी नाही. आमची तापी सुरतेला समुद्राला मिळते, आणि सुरतेच्याच गोदीतून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेले. त्यांच्या घराण्याने मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ चं सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगचं जंगल तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं, ते जहाजाच्या लाकडासाठी. डांगचा कारभार तेव्हा खानदेशातूनच बघितला जायचा. सागात तेल असतं, त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही खात नाही. ओक या विलायती लाकडातलं आम्ल खिळे खातं. आमच्या जुन्या वाड्यांचे खण शंभर-शंभर वर्षं का टिकले, याचंही कारण हेच.

ही झाली लाडाची एक धार. दुसरी शर्यतीतून आली, आणि तिथे राज्य होतं नॅथनेल हेरेशॉफचं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधलं ब्रिस्टल हे त्याचं गाव. १८९३ ते १९२० या काळात अमेरिका कप, म्हणजे शिडाच्या बोटींच्या नामांकित शर्यतीचा चषक, अमेरिकेकडे राखणारी प्रत्येक बोट त्याच्या हातची होती. कागदावर रेघा ओढण्याआधी तो लाकडाचा एक ठोकळा घ्यायचा आणि चाकूने बोटीचं अर्धं अंग कोरायचा. अर्धंच, कारण दुसरी बाजू आरशासारखी तशीच. त्याचा मोठा भाऊ जॉन धंदा सांभाळायचा, आणि तो लहान वयातच आंधळा झालेला. तो या कोरीव अंगावरून बोटं फिरवायचा आणि फुगवटा कुठे जास्त झालाय ते सांगायचा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताला लागतो, हे घडवंची घासणारा कुठलाही सुतार सांगेल. त्या अर्ध्या बोटींची खोली ब्रिस्टलच्या संग्रहालयात आहे.

याच माणसाने १९०३ मध्ये ‘रिलायन्स’ काढली. शिडाच्या बोटीचा वेग ढोबळमानाने पाण्याला टेकलेल्या तिच्या लांबीवर ठरतो, म्हणून शर्यतीचे नियम ती लांबी मोजायचे, पण बोट सरळ उभी असताना. हेरेशॉफने पाण्याच्या रेषेवर बोट ९० फुटांच्या आत ठेवली आणि दोन्ही टोकं हवेत लांबवून एकूण १४४ फुटांच्या आसपास नेली. वारा लागून बोट कलली की ती टोकं पाण्यात बुडायची आणि बोट आपसूक लांब व्हायची. शीड १६,००० चौरस फुटांच्या वर. आपल्या हिशेबात जवळपास १५ गुंठे कापड, एका डोलकाठीवर! ती जिंकली, एक मोसम चालली, आणि पुढे भंगारात गेली. शर्यतीचा छकडा कापूस भरायला कुणी जुंपत नाही. गंमत म्हणजे असल्या पळवाटा बुजवणारा पुढचा नियमही न्यूयॉर्कच्या यॉट क्लबने हेरेशॉफकडूनच करून घेतला. कुलूप करायचं तर चोराइतका जाणकार कोण?

आज लोक जीव लावतात ते मात्र रिलायन्सला नाही. १९१४ मध्ये त्याने मुलांना शिकण्यासाठी काढलेली, पाण्याच्या रेषेवर साडेबारा फूट भरणारी छोटी बोट अजून बांधली जाते, आणि म्हातारे सेलर तिच्याबद्दल पहिल्या सायकलबद्दल बोलावं तसे बोलतात.

या दोन धारा एकत्र आणल्या अमेरिकेच्याच ऑलिन स्टीफन्स या डिझायनरने. एमआयटीचं शिक्षण त्याने काविळीमुळे पहिल्याच वर्षी सोडलं. २३ व्या वर्षी, १९३१ मध्ये, घरच्या माणसांबरोबर ‘डोरेड’ घेऊन त्याने अटलांटिक पार करण्याची शर्यत दोन दिवसांच्या फरकाने मारली. न्यूयॉर्कमध्ये त्यांची मिरवणूक निघाली. बोट अरुंद होती, ५२ फुटांना रुंदी दहा फुटांच्या थोडी वर, त्यामुळे डुलायची फार. पण आज डोरेडचं नाव रोज घेतलं जातं ते एका पेटीमुळे. छतावर हवेसाठी भोंगा ठेवला की हवेबरोबर लाटेचं पाणीही खोलीत येतं. डोरेडवर त्या भोंग्याखाली एक पेटी बसवली. भोंगा पेटीच्या एका टोकाला, आणि खोलीत उतरणारी नळी दुसऱ्या टोकाला, तळापासून थोडी वर काढलेली. पाणी पेटीच्या तळाशी साचून बाजूच्या भोकांतून निघून जातं, हवा तेवढी नळीतून खाली उतरते. एवढंच. पण तीन दिवस ओल्या कपड्यांत, बंद खोलीत, ओकारी दाबत बसलेल्याला विचारा या पेटीची किंमत. डिझायनर लाडका होतो तो बऱ्याचदा अशा जागी.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं आणि बोट नोकरदाराच्या आवाक्यात आली. मूळचा स्वीडिश कार्ल अल्बर्ग याने काढलेली २८ फुटी ‘ट्रायटन’ १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ठेवली गेली आणि तिथेच मागणी सुरू झाली. या नव्या मालावर तेव्हा कुणाचा पुरता विश्वास नव्हता, म्हणून थर जाडच्या जाड चढवले. त्या अविश्वासामुळेच त्या काळच्या बोटी अजून विकत मिळतात. स्कँडिनेव्हियातल्या स्पर्धेतून १९४२ च्या सुमारास घडलेली लाकडी फोकबोट हीदेखील गरिबाघरचीच. १९६० मध्ये अटलांटिक एकट्याने ओलांडायच्या पहिल्या शर्यतीत ब्लाँडी हॅसलर सुधारलेल्या फोकबोटीत बसून उतरला होता.

मग आला ऑगस्ट १९७९. आयर्लंडच्या दक्षिणेला फास्टनेट शर्यतीतल्या ३०३ बोटींना वादळाने गाठलं. १५ सेलर मेले. त्या काळच्या शर्यतीच्या नियमाने बोटींचा आकार विचित्र झाला होता: मधे फुगीर, मागे चिमटलेल्या, हलक्या. अनेक आडव्या झाल्या, काही पूर्ण उलटल्या आणि काही वेळ तशाच राहिल्या. रुंद परात पाण्यावर सरळ ठेवली तर स्थिर असते, पण पालथी घातली तरी तितकीच स्थिर. उलट बुडाशी शिसं भरलेली जत्रेतली डुलणारी बाहुली कशीही आडवी पाडा, उभी राहते. नंतरच्या चौकशीत अशा एका शर्यती बोटीची तुलना डेव्हिड सॅडलरच्या १९७० च्या सुमाराच्या ‘कॉन्टेसा ३२’ शी झाली. अरुंद, खोल, जड बुडाची कॉन्टेसा कितीतरी जास्त कोनातून परत उठते असं दिसलं. सगळ्यात छोट्या बोटींच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकच बोट होती आणि ती कॉन्टेसाच होती. त्यानंतर सेलरांच्या आवडीनिवडीला वेगळं वजन आलं. आधी ‘जुन्या वळणाची’ म्हणून नाक मुरडलेल्या बोटी लोक शोधू लागले.

शर्यतीचा नियम डोक्यात ठेवून काढलेली बोट नियम बदलला की म्हातारी होते. समुद्र डोक्यात ठेवून काढलेली होत नाही, असं मला हा सगळा पट बघून वाटतं. पण जुन्याचा लाड आंधळाही होतो. टेड ब्रूअर या डिझायनरने बोट किती सुसह्य डुलेल याचं एक गुणोत्तर थट्टेथट्टेत मांडलं. लोक आता त्यावरून सौदे करतात. टोकदार मागच्या बाजूचंही तसंच. ती लाट फाडते हे भोई आजोबांचं म्हणणं अर्धं खरं. बाजू फार निमुळती असेल तर तिथे पुरेसं तरंगबळच उरत नाही, आणि लाट फाटण्याऐवजी डोक्यावर येते. आर्चरच्या बोटी वाचायच्या त्या भरीव अंगामुळे. अमेरिकेतल्या रॉबर्ट पेरीला हे कळलं होतं. १९७३ च्या त्याच्या ‘व्हॅलियंट ४०’ ला वरून आर्चरचा तोंडवळा आहे, पण पाण्याखाली सुटसुटीत कील (बुडाखालचं वजनदार पातं) आणि वेगळं सुकाणू, म्हणजे शर्यतवाल्यांची विद्या. दोन्हीकडच्या चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

आपल्याकडेही या वंशावळीच्या फांद्या आल्या. २०१८ मध्ये अभिलाष टॉमी ‘थुरिया’ घेऊन गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले, ती गोव्यात बांधलेली, सुहैलीचीच प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठी गेली, त्यांच्या पाठीला जबर मार लागला. चांगल्या हातची बोटही उलटते. पुढच्या शर्यतीत, २०२३ मध्ये, ते ‘रस्लर ३६’ या इंग्लिश धाटणीच्या बोटीतून दुसरे आले. पहिली आलेली कर्स्टन नॉयशेफर अॅटकिनच्याच एका आराखड्यातून उतरलेल्या बोटीवर होती.

नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ मात्र व्हॅन डी स्टाट या डच डिझायनरच्या नावाच्या, ५६ फुटी. म्हादेईवरून दिलीप दोंदे २०१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. तारिणीतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ अशी फेरी मारली.

मी आजोबांना तारिणीचाही फोटो दाखवला. "हाई ते मांगून कापेल शे," ते नाराजीने म्हणाले. मी सांगितलं, लांबी जास्त, वेग जास्त, लाटेच्या पुढे पळायचं असा हिचा हिशेब. नकाशा हॉलंडचा, हात गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या कारागिरांचे. लाकूड कोणतं विचारलं, तर आत लाकडाचा गाभा आणि दोन्हीकडून काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून चढवलेलं, असं सांगितलं.

"मंग फुटनी ते सांधतस कशी?"

तेच कापड, तेच रेझिन, वरून घासून गुळगुळीत करायचं, मी म्हटलं.

"म्हंजे चिंधी आन् डिंक," आजोबा म्हणाले, आणि मोबाईल परत माझ्या हातात दिला.