मासा ताजा म्हणजे किती ताजा?

समुद्रकिनारी सुट्टीला गेलेला माणूस सामान खोलीत टाकतो आणि पहिलं विचारतो, इथे मासे चांगले कुठे मिळतात? हा प्रश्न इतका अंगवळणी पडलाय की तो कायमच विचारला जात असणार असं वाटतं. तसं नाही. किनाऱ्यावर राहून मासे खाणं फार जुनं. मासे खायला म्हणून किनाऱ्यावर जाणं मात्र अलीकडचं. मधल्या काळात मीठ आलं, बर्फ आला, आगगाडी आणि विमान आलं. किनाऱ्यावर बसून खाल्लेला मासा त्याच किनाऱ्याचा असेलच असं आज सांगता येत नाही, याचं कारणही त्या मधल्या काळातच आहे.

सुरुवात शिंपल्यांपासून करावी लागते. दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बेजवळ पिनॅकल पॉइंटचे कडे आहेत. तिथल्या एका गुहेत माणसांनी शिंपले आणून खाल्ल्याच्या खुणा सापडल्या, त्या सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वीच्या. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. खडकाला चिकटलेले शिंपले काढायला जाळं लागत नाही, होडीही लागत नाही. ओहोटी कधी हे मात्र नेमकं ठाऊक असावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सर्वांत लांब हटतं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. घड्याळ, दिनदर्शिका यांच्या कितीतरी आधी माणसाला चंद्र पाहून जेवणाचा बेत करावा लागला असेल तर तो इथेच, असं मला त्या गुहेबद्दल वाचताना वाटत राहतं.

पुढे जगभरच्या किनाऱ्यांवर टरफलांचे ढीग साठत गेले. डेन्मार्कमध्ये आहेत, ब्राझीलमध्ये तर टेकड्यांएवढे आहेत. जपानमधल्या अशा एका ढिगाचा शोध मोठा गमतीचा आहे. एडवर्ड मोर्स हा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ १८७७ मध्ये योकोहामाहून आगगाडीने टोकियोला निघाला होता. ओमोरी स्थानकाजवळ रुळांसाठी टेकाड कापलेलं होतं. त्या कापलेल्या उतारात त्याला खिडकीतूनच टरफलांचा थर दिसला. पुढे तिथे खोदकाम झालं, मडक्यांचे तुकडे निघाले, हाडं निघाली, आणि जपानमधल्या आधुनिक पुरातत्त्वाची सुरुवात तिथून मानली जाते. असे ढीग हजारो वर्षांपूर्वीच्या उष्ट्या पानांसारखे आहेत. जिथे वेचलं तिथेच खाल्लं आणि तिथेच टाकलं. ताज्या मासळीचं कौतुक करावं असं त्या लोकांना वाटण्याचं कारण नव्हतं. त्यांच्यापाशी दुसरी मासळीच नव्हती.

कौतुक सुरू झालं ते निवड करायची सोय आल्यावर. इ.स.पू. चौथ्या शतकात सिसिली बेटावर आर्केस्ट्रेटस नावाचा ग्रीक कवी होऊन गेला. त्याची कविता आज तुकड्यातुकड्यांनीच उरली आहे. कुठल्या गावचा कुठला मासा कोणत्या ऋतूत खावा, हाच तिचा विषय. एका उत्तम माशाबद्दल तर तो बजावतो की सिराक्यूजच्या किंवा इटलीच्या आचाऱ्याला जवळपासही फिरकू देऊ नका, चीज आणि व्हिनेगर ओतून तो मासा बिघडवून ठेवेल. मासा चांगला असेल तर मसाला कमी, हे तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी असं तळमळून सांगून ठेवलंय. रोममध्ये याच हौसेला विकृत वळण लागलं. श्रीमंतांच्या मेजवानीत तांबुस मुलेट मासा काचेच्या भांड्यात जिवंत आणत आणि मरताना त्याचे रंग कसे पालटतात ते पाहुणे पाहत बसत. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने यावर कडक टीका केली आहे. ताजेपणा हा तोवर पैशाचा तोरा झाला होता.

समुद्रापासून दूरच्या सामान्य माणसापर्यंत मात्र मासा पोचायचा तो खारवलेला, सुकवलेला नाहीतर धुरावलेला. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा फेब्रुवारीपासून लाकडी मांडवांवर टांगतात आणि थंड वाऱ्यात मीठ न लावता सुकवतात. हा व्यापार हजार वर्षांचा आहे. कॉडमध्ये चरबी कमी म्हणून ते जमतं. हेरिंग तेलकट, ते वाऱ्यावर ठेवलं तर खवट होतं, म्हणून ते लगेच साफ करून मिठात घालावं लागे. माशाच्या अंगची चरबी किती यावर बंदरांचे धंदे ठरले.

तरीही ताजा मासा हवाच असे, तर काय करावं लागे? फ्रान्समध्ये इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावरून पॅरिसला मासे नेणाऱ्यांना ‘शास-मारे’ म्हणत, म्हणजे भरतीचा पाठलाग करणारे. होड्या लागल्या की टोपल्या भरायच्या, ठिकठिकाणी घोडे बदलायचे आणि रातोरात गाड्या हाकायच्या. ही साखळी कुठेही तुटली की माल नदीत फेकायच्या लायकीचा.

ती तुटल्यासारखी वाटली म्हणून एका माणसाने जीव दिला. एप्रिल १६७१ मध्ये पॅरिसजवळ शांतिलीच्या वाड्यात कोंदेच्या राजपुत्राने राजा चौदाव्या लुईला मेजवानीला बोलावलं होतं. सगळी व्यवस्था फ्रान्स्वा व्हातेलकडे होती. आदल्या रात्री काही पंगतींना भाजलेलं मांस कमी पडलं होतं आणि ते त्याच्या मनाला लागलं होतं. २४ तारखेला शुक्रवार, म्हणजे कॅथलिकांचा मांस वर्ज्य असलेला दिवस, सगळी मदार माशांवर. पहाटे चारच्या सुमारास तो वाड्यात एकटाच फिरत होता. त्याला एक पुरवठादार भेटला, त्याच्यापाशी जेमतेम दोन ओझी मासळी. एवढीच आलीय का, असं विचारलं तर तो हो म्हणाला. व्हातेलने सगळ्या बंदरांकडे माणसं धाडली होती हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. व्हातेल खोलीत गेला, दाराला तलवार टेकवली आणि तिच्यावर अंग झोकलं. थोड्याच वेळात चहूबाजूंनी मासळीच्या गाड्या येऊ लागल्या आणि त्या वाटून घ्यायला लोक त्याला शोधत त्याच्या खोलीशी आले. ही हकिगत त्या काळच्या पत्रांतून आपल्यापर्यंत आली आहे. किनारा तिथून दीड-दोनशे किलोमीटर. आज मोटारीने दोन-अडीच तास.

मासा एवढा उतावळा का? मटण थंड तळघरात काही दिवस टिकतं, मासा टिकत नाही. एक कारण असं की मासा स्वतःच थंड पाण्यात जगतो. त्याच्या कल्ल्यांतले आणि पोटातले जिवाणूही त्या थंडीला सरावलेले असतात. आपल्याला जे गार वाटतं ते त्यांना ऐसपैस. शून्य अंश सेल्सिअसला मासा ज्या वेगाने नासतो, त्याच्या साधारण चौपट वेगाने दहा अंशांना नासतो. उष्ण समुद्रातले मासे बर्फात ठेवले तर थंड समुद्रातल्यांपेक्षा जास्त दिवस टिकतात, कारण त्यांच्या अंगावरचे जिवाणू उबेचे सवयीचे असतात आणि बर्फाने गारठतात.

दुसरं कारण वासाचं. खाऱ्या पाण्यात राहायचं तर शरीरातलं पाणी टिकवावं लागतं, त्यासाठी समुद्री माशांच्या स्नायूंत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्यातून ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात आणि ज्याला आपण ‘माशाचा वास’ म्हणतो तो सुटतो. म्हणजे तो वास माशाचा नाहीच, उशिराचा आहे. आंबटाने तो बसतो, कारण आम्लात हे द्रव्य हवेत उडत नाही. जगात इतक्या ठिकाणी माशाबरोबर काहीतरी आंबट का असतं, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. बांगडा, ट्यूना यांच्या बाबतीत आणखी एक जपायला हवं. ते उन्हात पडले तर त्यांत हिस्टामिन साठतं आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. चव झणझणीत, तिखट लागली आणि चेहरा लाल झाला तर तो मसाल्याचा गुण समजू नये.

‘आत्ता पाण्यातून काढलेला तोच उत्तम’ हेही पूर्ण खरं नाही. मेल्यानंतर माशाचं अंग आधी सैल असतं, मग काठीसारखं ताठ होतं, मग पुन्हा सैलावतं. स्नायूंतल्या ऊर्जाद्रव्याचं या काळात विघटन होतं आणि मधल्या टप्प्यावर त्याचं चवदार द्रव्य बनतं, ज्याला जपानी लोक उमामी म्हणतात त्या चवीचं. मोठा मासा नीट गार ठेवला तर एखाद्या दिवसाने जास्त रुचकर लागतो तो त्यामुळे. विघटन आणखी पुढे गेलं की कडवटपणा येतो. हे मोजायची पद्धत जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडली. छोटी मासळी, कोळंबी, खेकडे यांना मात्र ही सवलत नाही. ती लगेच चुलीवर गेलेली बरी.

आता बर्फ. १७८६ च्या सुमारास जॉर्ज डेम्पस्टर या स्कॉटिश खासदाराला ईस्ट इंडिया कंपनीतल्या अलेक्झांडर डॅलरिंपलकडून कळलं की चीनच्या किनाऱ्यावर कोळी बर्फ साठवून ठेवतात आणि मासे त्यात घालून आतल्या भागात नेतात. त्याने स्कॉटलंडचा सामन मासा बर्फात भरून लंडनला धाडून पाहिला. तोवर हा मासा उकडून, व्हिनेगरमध्ये घालून लंडनला जात असे. प्रयोग साधला आणि तिथल्या नदीकाठांवर बर्फाची कोठारं उभी राहिली. मग आगगाड्या आल्या, १८८० च्या दशकात वाफेवरच्या मासेमारी बोटी आल्या, आणि ताजा मासा पहिल्यांदाच किनाऱ्यापासून सुटा झाला.

त्याच काळात माणसं उलट्या दिशेने निघाली होती. युरोपात समुद्रकाठ ही तोवर कष्टाची आणि भीतीची जागा होती. रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने १७५० मध्ये समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा प्रबंध लिहिला. खाऱ्या पाण्यात बुडा, ते प्यासुद्धा, असा त्याचा उपचार. श्रीमंत रोगी ब्रायटनला येऊ लागले. ब्रायटन हे तेव्हा कोळ्यांचं गाव. स्टाइन नावाच्या मोकळ्या हिरवळीवर त्यांची जाळी वाळत पडायची. पाहुण्यांना फिरायला तीच जागा आवडली. त्यांचे पाय जाळ्यांत अडकू लागले, तक्रारी झाल्या, आणि अखेर हलावं लागलं ते जाळ्यांना. १८४१ मध्ये लंडनहून थेट रेल्वे आली, मग रोग्यांच्या मागोमाग सहलीचे लोक आले. किनाऱ्यावर बसून त्या किनाऱ्याची मासळी खाण्याची जी मजा आज आपण घेतो, ती तिथे अशी सुरू झाली. तिच्या मुळाशी एका वाळवणाची हिसकावलेली जागा आहे, हे मला विसरता येत नाही.

कालव्यांनी वेगळाच धडा दिला. कच्ची खायची असल्यामुळे ती ज्या पाण्यातली, ते पाणीच आपण खातो. १९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत सांडपाण्याने दूषित झालेल्या कालव्यांतून विषमज्वर पसरला; सुमारे दीड हजार लोक आजारी पडले, दीडशे दगावले. त्यानंतर कालवं कुठल्या पाण्यातून काढली याची नोंद ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. ‘स्थानिक’ या शब्दाला तिथे पहिल्यांदा कागदोपत्री अर्थ आला.

विसाव्या शतकात अंतर उरलंच नाही. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या थंडीत मासा बाहेर काढताच गोठतो आणि नंतर वितळवल्यावरही ताज्यासारखा लागतो, हे पाहिलेल्या क्लॅरेन्स बर्ड्‌सआयने १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लॉस्टर बंदरात झटपट गोठवण्याचं यंत्र बसवलं. ऑगस्ट १९७२ मध्ये कॅनडाचा ट्यूना विमानाने टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला पोचला. आता उत्तम मासा तिकडे जातो जिकडे भाव आहे. गोठवण्याला मी नावं ठेवणार नाही. बोटीवरच नीट गोठवलेला मासा चार दिवस बर्फात लोळलेल्या ‘ताज्या’पेक्षा पुष्कळदा सरस असतो, आणि कच्चा खायच्या माशातल्या कृमी मारायला उणे वीस अंशांत सात दिवस ठेवण्याची शिफारसच आहे. पण या ओढीने समुद्र रिकामे झाले हेही तितकंच खरं. न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी १९९२ मध्ये सरकारला बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मासळीवर गावं उभी राहिली, तीच त्या गावांत मिळेनाशी झाली.

त्यानंतर काही किनाऱ्यांनी जुनी वाट वेगळ्या रीतीने धरली. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पोर्ट क्लाइडच्या मच्छीमारांनी २००७ मध्ये हंगामाचे पैसे आधी घेऊन दर आठवड्याला जे जाळ्यात येईल ते गिऱ्हाइकांना द्यायला सुरुवात केली. कुठला मासा हवा हे गिऱ्हाइकाने ठरवायचं नाही, समुद्राने ठरवायचं. बाजारात ज्यांना कुणी विचारत नव्हतं असे मासेही त्यामुळे लोकांच्या ताटात आले.

किनाऱ्यावर गेल्यावर म्हणून मी पाटीवरच्या नावांपेक्षा आधी होड्या बाहेर पडल्या होत्या का ते विचारून घेते. मग मासा हातात घेऊन पाहते. डोळा फुगीर आणि काळाभोर हवा, खोल गेलेला दुधट नको. कल्ला उचलला की आत लालभडक हवा. तपकिरी झाला असेल तर त्याला बराच वेळ झालाय. बोटाने दाबलेली जागा वर यायला हवी. वारं सुटलंय, चार दिवस एकही होडी पाण्यात उतरलेली नाही आणि तरी पाटीवर बारा जातींचे मासे आहेत, तर ते कुठल्या तरी गोदामातून आले आहेत. अशा दिवशी कुणी खाणावळवाल्याने ‘आज मासळी नाही, उद्या या’ असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी माझी पावलं तिथेच वळतात.