ओझोन थराचा क्षय

स्थितांबरातील, म्हणजे साधारण 15 ते 35 किमी. उंचीवरील ओझोन मानवनिर्मित क्लोरीन व ब्रोमीनयुक्त संयुगांमुळे घटत जाण्याची प्रक्रिया. हा सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला व 0° से. तापमानाला आणला, तर जेमतेम 3 मिमी. जाडीचा (300 डॉब्सन एकके) भरेल. जमिनीवरची जीवसृष्टी सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून वाचते ती एवढ्याशा आवरणामुळे.

क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांतून (शीतकपाटे व फवाऱ्याच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरीन, फ्ल्युओरीन व कार्बन यांची संयुगे) सुटलेला क्लोरीन ओझोनचे विघटन करील, असे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी 1974 मध्ये मांडले. अंटार्क्टिकावरील विवराचा, म्हणजे वसंतात ओझोन अतिशय विरळ होणाऱ्या भागाचा, अंदाज मात्र कोणालाच नव्हता.

त्याच्या शोधाच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जॉनथन शँक्लिन यांनी अंटार्क्टिकातील हॅली बे या ब्रिटिश तळावरील 1957 पासूनच्या नोंदी तपासून, ऑक्टोबरची सरासरी सुमारे 300 वरून 200 एककांच्या आसपास घसरल्याचे मे 1985 मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वी शिगेरू चुबाची यांना स्योवा या जपानी तळावर 1982 मध्ये अत्यल्प ओझोन आढळला होता व 1984 मध्ये ग्रीसमधील परिषदेत त्यांनी तो मांडलाही होता. पण ती एकाच वर्षाची मोजणी होती. तीवरून दीर्घकालीन घसरण सिद्ध होत नव्हती. तेव्हा आधीची नोंद चुबाचींची आणि घसरणीचा शोध ब्रिटिश गटाचा, असे मानणे अधिक न्याय्य दिसते. द्यूमाँ द्यूर्व्हिल या फ्रेंच तळावर 1958 मध्येच विवर दिसले होते, हा नंतरचा दावा त्या वर्षीच्या इतर तळांवरील मोजण्यांशी जुळत नाही. ओझोन मोजणाऱ्या निंबस-7 उपग्रहाच्या नोंदी हाताळणाऱ्या संगणकाने कमी आकडे फेकून दिले, ही कथाही अतिरंजित आहे. 180 एककांखालील नोंदींवर शंकेची खूण होत असे. मूळ नोंदी शाबूत होत्या.

कारणमीमांसेत सौरचक्र आणि हवेचे ऊर्ध्व वहन हेही पर्याय सुचवले गेले, परंतु सुझन सॉलोमन व सहकाऱ्यांचे 1986 मधील रासायनिक स्पष्टीकरण टिकले. ध्रुवीय रात्रीत तापमान सुमारे −78° से. खाली गेले की स्थितांबरात ढग बनतात. त्यांच्या कणांवर हायड्रोजन क्लोराइड व क्लोरीन नायट्रेट यांची विक्रिया होऊन क्लोरीन वायू सुटतो. वसंतातील पहिल्या उन्हाने त्याचे अणू मोकळे होतात. अणू विक्रियेत खर्ची पडत नसल्याने एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. 1987 मध्ये विमानातून घेतलेल्या मोजण्यांत, जेथे क्लोरीन मोनॉक्साइड (क्लोरीन व ओझोन यांच्या विक्रियेतून बनणारे संयुग) वाढला तेथेच ओझोन घटलेला आढळला.

16 सप्टेंबर 1987 च्या माँट्रियल करारान्वये क्लोरोफ्ल्युओरोकार्बन व तत्सम ओझोननाशक संयुगांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबले. अंटार्क्टिकावरील ओझोन 1980 च्या पातळीला 2066 च्या सुमारास पोचेल, असा 2022 चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. उत्तर ध्रुवावर हिवाळे तुलनेने उबदार असल्याने क्षय सौम्य असतो. 2011 व 2020 हे ठळक अपवाद.