गोदावरीत नॅनो पावडर टाकून भागणार नाही

२०२७चा सिंहस्थ जवळ येतोय तशी नाशिकमध्ये गोदावरीच्या शुद्धीकरणाची चर्चा पुन्हा रंगू लागली आहे. त्यात कुणीतरी हमखास सुचवतं: रामकुंडात टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो पावडर टाका, बाकीचं काम ऊन करेल.

सूचना अगदीच पोकळ नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं. त्याच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपावर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त ऊर्जेचा, म्हणजे अतिनील प्रकाशाचा कण (फोटॉन) पडला, की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि मागे 'होल', म्हणजे त्याची रिकामी जागा उरते. हे होल पृष्ठभागावर पोचलं, तर पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील तुकडा तयार होतो आणि ते कीटकनाशकांचे, रंगांचे रेणू तोडत सुटतं. पण बहुतेक होल पोचतच नाहीत. वाटेतच इलेक्ट्रॉन गाठतो आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

म्हणून वाट आखूड करायची. त्यासाठीची मला सर्वांत आवडणारी युक्ती म्हणजे नॅनोनळ्या. टायटॅनियमचा पातळ पत्रा इथिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवायचा. त्यात चिमूटभर अमोनियम फ्लोराइड आणि थोडं पाणी. पत्रा धन टोकाला जोडून ३०-६० व्होल्ट लावले, की विद्युतप्रवाह झपकन पडतो, कारण धातूवर ऑक्साइडची साय धरते. पत्र्यावर जांभळट-निळे रंग चढतात. मग फ्लोराइड आयन ती साय कुरतडू लागतात. जिथे ती पातळ, तिथे विद्युतक्षेत्र तीव्र, म्हणून तिथेच विरघळणंही जास्त. खड्डे पडतात आणि खोल जातात. तळाशी ऑक्साइड तयार होणं आणि विरघळणं यांचा तोल जमला, की नळ्या धातूत उतरत वाढतात, एकमेकींना खेटून, तोंडं वर. व्यास ठरतो मुख्यतः व्होल्टेजवर. नंतर ४५० अंश सेल्सियसच्या आसपास भाजलं, की अस्फटिक भिंतीचं अ‍ॅनाटेज होतं. आता होलला फक्त काही नॅनोमीटर जाडीची भिंत ओलांडायची असते आणि इलेक्ट्रॉन नळीतून सरळ खाली धातूत उतरतो.

हीच सरळ वाट सौरघटालाही हवी असते. १९९१मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी नॅनोकणांच्या थरावर रंगद्रव्य चढवून सुमारे ७ टक्के कार्यक्षमता मिळवली. तिथे दृश्य प्रकाश रंगद्रव्य शोषतं, टायटॅनियम डायऑक्साइड फक्त इलेक्ट्रॉन वाहून नेतो.

रंगद्रव्याविना मात्र त्याला अतिनील किरणच लागतात आणि उन्हात ते जेमतेम ५ टक्के. त्यामुळे घराच्या आत, साध्या दिव्याखाली 'नॅनो कोटिंग' हवा शुद्ध करतं असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, त्याला अतिनील प्रकाश कुठून मिळतो? 'नॅनो ऊर्जे'च्या लॉकेटांना तर विज्ञानाचा कसलाच आधार नाही.

रामकुंडाचं म्हणाल, तर गढूळ पाण्यात अतिनील किरण खोलवर शिरत नाहीत, वाहत्या नदीत टाकलेली पावडर परत गोळा करता येत नाही आणि क्षार तर या क्रियेने जातच नाहीत. पत्र्यावर घट्ट वाढलेल्या नळ्या वाहून जात नाहीत. त्यांचा उपयोग करायचाच, तर सांडपाणी नदीला मिळण्याआधी, गाळून नितळ झाल्यावर, शेवटच्या टप्प्यात करायला हवा.