रोगापेक्षा रोगाचं नाव जड: सांगली-मिरजेतून दिसणारी कलंकाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

सांगलीहून मिरजेला वडापनं नाहीतर सिटी बसनं जाताना मधे वानलेसवाडी लागते. रोज हजारो लोक तिथं चढतात-उतरतात, पण हे नाव विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरचं आहे हे आता फार जणांच्या ध्यानात नसतं. तो १८८९ मध्ये इकडं आला, १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं, पुढं मेडिकल स्कूल निघालं, आणि १९२० च्या सुमारास गावापासून लांब, मोकळ्या हवेत क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं, तीच ही वानलेसवाडी. आमच्या आजीच्या बोलण्यात "त्याला वानलेसवाडीला नेलं" या वाक्याचा एकच अर्थ होता आणि ते वाक्य ती कायम आवाज खाली आणून बोलायची.

आजोबांचा धाकटा भाऊ तिथं राहून बरा होऊन आला होता. चांगला ठणठणीत, नंतर पुढची तीस वर्षं त्यानं औत हाकलं, ऊस तोडला. पण त्याची जर्मनची ताटली आणि तांब्या गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, तो शेवटपर्यंत तिथंच राहिला. मी लहान असताना विचारलं तर आई म्हणली, "असू दे, त्यांनाच सवय झालीय." हे वाक्य मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते पुस्तकं-पेपर वाचून, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय. आजारासोबत जो बट्टा लागतो, लोक ज्याला कलंक म्हणतात आणि अभ्यासक स्टिग्मा म्हणतात, त्याच्याकडं संशोधकांचं लक्ष कधी आणि कसं गेलं, त्याची ही पार्श्वभूमी.

सुरुवात महारोगापासून करायला लागते. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी वेगळं रिचर्डसन हॉस्पिटल आहे, म्हणजे या भागाला हा विषय नवा नाही. नॉर्वेतल्या हॅन्सननं १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि जर्मनीतल्या कॉखनं २४ मार्च १८८२ ला क्षयाचा जंतू जाहीर केला. जंतू सापडला म्हणजे देवीचा कोप, मागच्या जन्माचं पाप, करणी वगैरे सगळं मागं पडायला हवं होतं की नाही? झालं निराळंच. पाप होतं तिथं "संसर्ग" हा शब्द येऊन बसला आणि लांब ठेवायला आता सायन्सचाच आधार मिळाला. १८९८ मध्ये इंग्रज सरकारनं लेपर्स अ‍ॅक्ट आणला, त्यात निराधार, भीक मागून जगणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात ठेवायची सोय होती. पैसेवाल्याला तो कायदा तसा लागत नव्हता. तेव्हा रोग एकच असला तरी गरिबाला शिक्षा वेगळी, हे तिथूनच कायद्यात लिहिलेलं होतं.

आता क्षयाचं बघा, कारण मला वाटतं या सगळ्या इतिहासात भारतातून आलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम क्षयावरचं आहे आणि ते आपल्याकडं कुणी फारसं सांगत नाही. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. झोपडपट्टीत, दाटीवाटीनं राहणाऱ्या गरीब पेशंटचे दोन गट केले, एकाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवून चांगलं खाणं, विश्रांती आणि गोळ्या, दुसऱ्याला घरीच ठेवून फक्त त्याच गोळ्या. १९५९ मध्ये निकाल आला आणि जगभरातले डॉक्टर चकित झाले, कारण घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या घरच्यांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झालेली नव्हती. म्हणजे औषध चालू असलेल्या माणसाला गावाबाहेर नेऊन ठेवायची गरजच राहिली नव्हती. जगातली सॅनेटोरियमं हळूहळू बंद पडत गेली त्यात या मद्रासच्या कामाचा मोठा वाटा होता. आमच्या गोठ्यातली ताटली मात्र तशीच राहिली.

त्याच्याच पाठोपाठ बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन एक साधा प्रश्न विचारला. तोवर सगळे धरून चालले होते की खेड्यातली माणसं अडाणी, त्यांना खोकल्याचं काही वाटत नाही, ती अंगारे-धुपारे करत बसतात, म्हणून क्षय पसरतो. १९६३ मध्ये त्यांचा पेपर आला, त्यात दिसलं की लक्षणं असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आधीच सरकारी नाहीतर दुसऱ्या डॉक्टरी दवाखान्यात जाऊन आले होते! आणि तिथं त्यांना काय मिळालं, तर खोकल्याच्या औषधाची बाटली. थुंकी तपासायचं कुणी नावच काढलं नव्हतं. हे वाचल्यावर मी अर्धा तास तसाच बसून होतो. लोक अडाणी आहेत असं म्हणणं किती सोपं असतं आणि लोक दारापर्यंत येऊन परत गेले हे मोजायला कुणाला तरी गावोगाव फिरायला लागतं. बॅनर्जींनी पुढं दिल्लीच्या जेएनयूमध्ये सामाजिक वैद्यकाचं केंद्र उभं केलं, आणि रोगाचा अभ्यास म्हणजे समाजाचाही अभ्यास असं मानणारी एक मोठी पिढी तिथून तयार झाली.

याच सुमाराला, १९६३ मध्येच, अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं स्टिग्मावरचं पुस्तक आलं आणि त्या शब्दाला अभ्यासात पक्की जागा मिळाली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की डाग अंगावर नसतो, तो लोकांच्या बघण्यात असतो, आणि एकदा ते बघणं चिकटलं की माणसाचं बाकीचं सगळं असणं पुसलं जातं. नंतरच्यांनी त्यात भर घातली ती मला जास्त उपयोगाची वाटते. इंग्लंडमध्ये स्कॅम्बलर आणि हॉपकिन्स यांनी मिरगी, म्हणजे फिट येणाऱ्या लोकांशी बोलून १९८६ मध्ये मांडलं की कलंक दोन तऱ्हेचा असतो. एक लोकांनी प्रत्यक्षात दिलेला, म्हणजे नोकरीवरून काढलं, लग्न मोडलं. दुसरा मनात बसलेला, म्हणजे असं होईल याची भीती आणि लाज. त्यांना दिसलं की हा दुसराच माणसाचं आयुष्य जास्त पोखरतो, कारण त्या भीतीपायी तो आधीच सगळं लपवायला लागतो. "त्यांनाच सवय झालीय" याचा अर्थ मला इथं लागला.

मनाचा आणि कुष्ठरोगाचा संबंध मोजायचं काम मुंबईत झालं. मिचेल वाइस आणि डॉ. दूनगाजी वगैरे मनोविकारतज्ज्ञ मंडळींनी कुष्ठरोगाच्या पेशंटशी बोलताना नुसती लक्षणं विचारली नाहीत, तर तुम्हाला हे का झालं असं वाटतं, घरी कुणाला सांगितलंय, न सांगण्याचं कारण काय, असलं विचारायची एक पद्धतच बसवली, आणि तुलनेला घेतले कोड असलेले आणि साधं शिबं असलेले पेशंट. तिघांच्याही कातडीवर डागच, पण लोकांच्या डोळ्यांत तिन्ही डाग सारखे नसतात. १९९२ मध्ये तो पेपर छापून आला आणि मुंबईत बसवलेली ती पद्धत पुढं कितीतरी देशांत, कितीतरी आजारांसाठी वापरली गेली.

एचआयव्हीच्या बाबतीत सांगलीचा भाग मोठा आहे. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनीनं देहविक्री करणाऱ्या बायकांच्या रक्तात पहिल्यांदा हा विषाणू दाखवला, आणि तिथून पुढं सगळ्या देशात या बायकांकडं रोगाचं घर म्हणूनच बघितलं जायला लागलं. १९९२ मध्ये दिल्लीत नॅको, म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, सुरू झाली आणि त्याच साली सांगलीत मीना सेषू यांनी संग्राम संस्थेचं काम सुरू केलं. गोकुळनगरसारख्या वस्त्यांमधल्या बायकांनाच कंडोम वाटायला, माहिती सांगायला, एकमेकींना दवाखान्यात न्यायला उभं केलं, आणि १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, सगळे तिला व्हॅम्प म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला हे रोग रोखायचं काम वाटेल, पण त्या बायकांचा मुद्दा वेगळा होता, आधी आम्हाला माणूस म्हणून बोला, मग कंडोमचं बोलू. २००५ मध्ये अमेरिकेच्या मदतीला आम्ही या व्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्यायची अट होती, तर संग्रामनं ते पैसेच नाकारले. लहान गावातल्या संस्थेनं एवढी मोठी रक्कम सोडणं काय असतं ते संस्था चालवणाऱ्यालाच माहिती.

संग्रामचं एक केंद्र तर कलंक आणि वंचितपणा याच विषयावर काम करतं, आणि त्याच्या मदतीनं पुण्यातल्या रोहिणी सहानी आणि कल्याण शंकर या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी १४ राज्यांतल्या ३००० बायकांचा सर्व्हे केला, तो २०११ मध्ये आला. त्यात दिसलं की बऱ्याच जणी आधी घरकाम, शेतमजुरी असली कमी पगाराची कामं करून मग इकडं आलेल्या होत्या. यातले आकडे कुणाला पटोत न पटोत, मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तोवर ज्यांचं फक्त रक्त तपासलं जायचं त्यांना कामाबद्दल, मजुरीबद्दल, पोलिसांबद्दल कुणी विचारलं. सरकारी कागदात मात्र अजूनही "हाय रिस्क ग्रुप" हाच शब्द आहे.

औषधाची बाजू तेवढ्या काळात फार पुढं गेली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यात एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, फुकट मिळायला लागली. २०११ मध्ये दोघांपैकी एकालाच एचआयव्ही असलेल्या, ९ देशांतल्या १७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निकाल आला, आपल्या पुण्यातलीही जोडपी त्यात होती, आणि कळलं की वेळेत औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे मद्रासला क्षयाचं जे झालं होतं तेच परत झालं, औषध चालू असलेल्या माणसाला लांब ठेवायचं कारण उरलं नाही. कायदेही बदलले. मानसिक आरोग्याचा नवा कायदा २०१७ चा, एचआयव्हीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदाही २०१७ चाच, तो लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. आणि नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं ते पार २०१९ मध्ये, बरं करणारी बहुविध औषधं येऊन ३५ वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर.

माझी एक लांबची मावशी तासगाव भागात राहते, नवरा गेल्यावर २००९ मध्ये तिचीही एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह आली. गोळ्या नियमित, तब्येत उत्तम, द्राक्षाच्या बागेत दिवसभर काम करते. तिच्या पिशवीत गोळ्यांची बाटली असायची, तिच्यात ती वरपर्यंत कापूस कोंबायची. मी म्हणलं, "मावशी, कापूस कशाला गं?" तर म्हणली, "एस्टीत खुळखुळ वाजतंय रे, शेजारची बाई इचारती कसल्या गोळ्या." लेबल तर ती स्टँडवरच नखानं खरवडून टाकायची. गावात तिला कुणी वाईट बोललेलं नाही, कारण गावाला माहितीच नाही, आणि ते माहिती होऊ नये यातच तिची निम्मी ताकद जाते.

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला एकाच घरातले वीसच्या वर लोक कोरोनाबाधित निघाले तेव्हा अख्ख्या गावाचं नावच आजाराचं नाव झालं, इस्लामपूरचा म्हणलं की लोक दार लावून घ्यायला लागले. फोन लावला की रिंगच्या आधी ऐकू यायचं, आपल्याला आजाराशी लढायचंय, आजारी माणसाशी नाही. त्याच लॉकडाऊनमध्ये एस्टी बंद, मावशीला गोळ्या आणायला जाता येईना, तेव्हा एक कार्यकर्ती गाडीवरनं घरपोच द्यायला तयार झाली. मावशीनं तिला फोनवर सांगितलं, "दारात नको बाई, पाण्याच्या टाकीपाशी थांब." आणि ती धुण्याची बादली घेऊन गेली, गोळ्या ओल्या लुगड्याखाली घालून घरी आणल्या.