फोटो मुलाचा, पैसा गावाला: परदेशी बालपालकत्वाची पार्श्वभूमी

परदेशातल्या एका मुलाच्या नावाने दरमहा पैसे पाठवणाऱ्या घरांत बऱ्याचदा स्वतःचीही लहान मुलं असतात. मदतसंस्थांची ही बालपालकत्वाची योजनाच मुळी तशा घरांसाठी बेतलेली आहे: पैसे संस्थेकडे जातात, घराला मुलाचा फोटो आणि पत्रं मिळतात. रक्कम महिन्याच्या किराण्यात खपून जाईल एवढी, अमेरिकेत सध्या ४० डॉलरच्या आसपास. मूल शक्यतो घरातल्या लेकराच्या वयाचं किंवा त्याच तारखेला जन्मलेलं. आणि पत्रं अशी की चौथीतल्या पोरालाही ती बसून लिहिता यावीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार जगभरात अशा रीतीने परदेशी कुटुंबांशी जोडलेली मुलं ९० लाखांच्या घरात होती.

याची मुळं मिशनऱ्यांच्या वसतिगृहांत सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रीलंकेतल्या जाफन्यातल्या अमेरिकन मिशनच्या शाळांत मुलांना थेट देणगीदारांची नावं दिली जात, आणि ती नावं पुढे त्या तमिळ घराण्यांना चिकटून राहिली. आपल्याकडचा धागाही जुना आहे. पुण्यामुंबईत विधवांसाठी शाळा काढायला निघालेल्या एका विदुषीसाठी बोस्टनमध्ये १८८७ साली मंडळ उभं राहिलं, गावोगावी त्याच्या शाखा निघाल्या आणि सभासदांनी दहा वर्षं वर्गणी देण्याचं वचन दिलं. पुढे १९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने भारतातल्या अनाथ मुलांसाठी वाचकांना हाक घातली: वर्षाला १५ डॉलर, एक मूल. त्याच साप्ताहिकाच्या खटपटीने मक्याने भरलेलं जहाज मुंबई बंदरात आलं. पश्चिम भारतातल्या मिशनच्या अनाथालयांत तेव्हा दुष्काळात सापडलेली मुलं दाटीवाटीने राहत होती.

पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये आणि १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात हीच कल्पना धर्मापासून थोडी सुटी झाली. स्पेनमध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने काढलेल्या संस्थेने देणगीदारांना सरळ पालकच म्हणायला सुरुवात केली. निर्वासित मुलांच्या वसाहतीला एकगठ्ठा देणगी मागण्याऐवजी एका घराला एक मूल सोपवायचं, त्याचा फोटो द्यायचा, पत्रं चालू ठेवायची, ही त्याची युक्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीही या पालकांच्या यादीत होत्या. तिथपासून आजवर मांडणीत मूलभूत बदल झालेला नाही. बदलत गेलं ते फोटोमागे पैशाचं काय होतं ते.

पण या व्यवहाराचा आजचा पसारा सुरू झाला तो कोरियन युद्धापासून. १९५० ते १९५३ या तीन वर्षांत दोन मोठ्या अमेरिकन ख्रिस्ती संस्थांचा पाया पडला, आणि चर्चच्या सभागृहांत, शाळांच्या हॉलमध्ये कोरियातल्या अनाथ मुलांच्या फिल्म दाखवल्या जाऊ लागल्या. १९५४ च्या अखेरीस ओरेगनमधल्या एका शेतकरी जोडप्याने अशीच एक फिल्म पाहिली. पदरात सहा मुलं. त्यांनी आधी रीतीप्रमाणे कोरियातल्या डझनभर मुलांसाठी दरमहा पैसे पाठवायला सुरुवात केली, आणि मग तेवढ्याने भागेना म्हणून आठ मुलं घरीच आणायचं ठरवलं. तेव्हाच्या कायद्याने एका कुटुंबाला परदेशातून दोनच अनाथ मुलं आणता येत होती, त्यामुळे १९५५ मध्ये अमेरिकन संसदेला खास त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट डोक्यावर घेतली. पुढे त्याच जोडप्याच्या संस्थेने कोरियन मुलं विमानं भरभरून अमेरिकेत नेली.

दरमहा पैसे पाठवणं आणि मूल दत्तक घेणं या दोन गोष्टींची सरमिसळ तिथून सुरू झाली आणि आजही ती सुटलेली नाही. आपल्याकडेही एखाद्याची फी भरणारा माणूस सहज म्हणून जातो की आम्ही एक मुलगी दत्तक घेतलीय. कोरियाने याची जबर किंमत मोजली. काही दशकांत तिथली दोन लाखांच्या घरातली मुलं परदेशात गेली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने या कारभारात कागदपत्रांची बनवाबनवी झाली होती आणि त्याला सरकारही जबाबदार होतं असा निष्कर्ष काढला. पण कोरियातलीच दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. १९५२ पासून तिथे मुलांना मदत करणाऱ्या एका संस्थेने १९९३ मध्ये देश श्रीमंत झाला म्हणून काम थांबवलं, आणि दहा वर्षांनी त्याच संस्थेचं कार्यालय सोलमध्ये पुन्हा उघडलं ते परदेशातल्या मुलांसाठी देणगीदार शोधायला. लहानपणी अमेरिकन घरांतून आलेली पत्रं वाचलेल्या पिढीची मुलंनातवंडं आता स्वतः पत्रं लिहितात.

आता खरा वाद. १९७० च्या आसपास बहुतेक संस्था अनाथालयांतून बाहेर पडल्या आणि आईबापांजवळ राहणाऱ्या मुलांकडे वळल्या. ब्रिटनमधल्या एका संस्थेची तर सुरुवातच १९७२ मध्ये भारत आणि केनियातल्या ८८ मुलांना ८८ देणगीदार जोडून झाली. पण मूल घरी असलं की अडचण येते. एकाच झोपडीतल्या तीन भावंडांपैकी एकालाच दप्तर, गणवेश आणि परदेशातून भेटकार्ड मिळतं; शेजारच्या पोराला काहीच नाही. यावर तोडगा निघाला तो असा: पैसे एका मुलाला द्यायचेच नाहीत, सगळ्यांचे एकत्र करून गावात विहीर, शाळेची खोली, लसीकरण, बायकांचे बचत गट यांवर खर्च करायचे. गावाच्या हिताच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता, असं मला वाटतं.

गडबड पुढे झाली. पैसा गावाला गेला, पण जाहिरातीतला फोटो मुलाचाच राहिला. कारण उघड आहे. विहिरीसाठी दरमहा पैसे भरणारं घर सापडणं अवघड. फ्रिजवर डकवलेल्या मुलीसाठी भरणारं सापडतं, आणि वर्षानुवर्षं टिकतं. संस्थांनी हे माहितीपत्रकात लिहिलं होतं, हेही खरं. बारीक अक्षरांत, जिथे दमलेल्या आईबापाची नजर सहसा पोचत नाही. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मासिकाने ‘या मुलाचं पालकत्व कृपया घेऊ नका’ असं थेट मुखपृष्ठावर छापलं आणि एकच गहजब झाला. १९९८ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राने आपल्याच पत्रकारांच्या नावे डझनभर मुलं नोंदवून मग त्यांचा माग काढला. मालीमधली एक मुलगी मरण पावल्यावरही तिच्या नावाने पैसे घेतले जात होते, असं त्यात निघालं. त्यानंतर संस्थांनी नियम कडक केले, पण पैसे एकत्र करण्याची पद्धत सोडली नाही, फोटोही सोडला नाही.

२०१३ चा तो अभ्यास याच वादात येऊन पडला. तीन अर्थतज्ज्ञांनी भारतासह सहा देशांतल्या १०,१४४ लोकांचा प्रौढ वयातला लेखाजोखा मांडला. तुलना बांधली होती मोठ्या चलाखीने. योजना एखाद्या गावात पोचली तेव्हा बारा वर्षांवरची मुलं नियमानेच वगळली गेली होती, म्हणजे एकाच घरात मदत मिळालेलं धाकटं भावंड आणि न मिळालेलं थोरलं भावंड दोन्ही सापडत होती. मदत मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती, आणि माध्यमिक शिक्षण पुरं करण्याचं प्रमाण १२ ते १८ टक्केबिंदूंनी वाढलं होतं. आता सगळ्याच संस्था या अभ्यासाचा दाखला देतात. पण ज्या संस्थेच्या कामाचा तो अभ्यास होता ती पैसे गावात न वाटता एकेका मुलावर खर्च करणारी होती, चर्चमधल्या केंद्रांतून, आठवड्याला कित्येक तास. विहिरी खणणाऱ्यांनी हे आकडे आपल्या पत्रकावर छापणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोराच्या निकालाचे पेढे वाटणं.

नेमकी तीच संस्था भारतातून बाहेर पडली. २०१६ मध्ये गृहमंत्रालयाने तिला पूर्वपरवानगीच्या यादीत टाकलं, म्हणजे तिचा परदेशी पैसा सरकारच्या परवानगीशिवाय आत येईना. परदेशी पैशातून धर्मांतर होत असल्याचा आरोप होता. संस्थेने तो नाकारला. बँकांतून पैसे पुढे सरकेनात आणि मार्च २०१७ मध्ये काम बंद झालं. सुमारे १ लाख ४५ हजार मुलांची नावं एका झटक्यात यादीतून गेली. अमेरिकेतल्या घरांना निरोपाची पत्रं लिहायला सांगण्यात आलं आणि दुसऱ्या देशातलं मूल निवडण्याचा पर्याय देण्यात आला. आरोप खरे की खोटे यावर इथे रकानेच्या रकाने भरले गेले. वर्षातून दोन-तीन पत्रं लिहिणाऱ्या मुलांबद्दल मात्र दोन ओळीही सापडणं मुश्कील.

त्यानंतर अटी वाढतच गेल्या. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने परदेशी निधी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेत घेणं बंधनकारक झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे हा निधी वळवण्यावर बंदी आली. खेड्यातल्या छोट्या संस्था मोठ्या संस्थांच्या नोंदणीखालीच चालायच्या, त्यामुळे हा शेवटचा नियम सर्वांत जिव्हारी लागला. मुलांच्या पालकत्वावर चालणाऱ्या आणखी एका मोठ्या संस्थेची परदेशी निधी घेण्याची नोंदणी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. इकडे पाश्चात्त्य देशांत २०१९ पासून नवा प्रकार आला आहे: घराने मुलाचा फोटो निवडायचा नाही, मुलाने घरांच्या फोटोंतून एक निवडायचं.

परदेशातल्या मराठी घरांना या कायद्याचा फटका वेगळ्या वाटेने बसतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत गावच्या शाळेतल्या मुलासाठी पैसे पाठवले, तर तो परदेशी निधी धरला जात नाही. त्याच माणसाने अमेरिकन नागरिकत्व घेतलं की, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड खिशात असलं तरी, तेवढेच पैसे त्याच शाळेला परदेशी निधी म्हणून जातात, आणि शाळेच्या संस्थेकडे या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते घेणं बेकायदा ठरतं. एकाच घरात नवरा नागरिक आणि बायको अजून भारतीय पासपोर्टवर, नोकरीच्या एच-वन व्हिसावर असेल, तर पैसे बायकोच्या पगारातून, तिच्या खात्यातून गेलेले बरे.